फर्मवेअर अपडेट फसले म्हणजे लॅपटॉप गेला?

विजेचा लपंडाव कोकणाला नवा नाही. वारा सुटला, आंब्याची फांदी तारेवर आली, की लाइट जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तर दापोली, मंडणगड भागातली अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. त्यामुळे लॅपटॉपच्या पडद्यावर ‘फर्मवेअर अपडेट चालू आहे, मशीन बंद करू नका’ अशी सूचना झळकली की रत्नागिरीतल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. मध्येच लाइट गेली तर? ही भीती अगदीच निराधार नाही. पण तिच्याभोवती जमलेले समज बरेचसे चुकीचे आहेत, आणि लॅपटॉपचे खरे नुकसान बहुतेक वेळा त्या समजांपायी केलेल्या घाईने होते.

पहिला समज म्हणजे चार्जर लावलेला असताना लाइट गेली की संपलेच. बॅटरी धडधाकट असेल तर लाइट गेल्याचे लॅपटॉपला काहीच वाटत नाही. शिवाय बहुतेक कंपन्यांचे अपडेट चार्जर जोडलेला नसेल किंवा बॅटरी फार उतरलेली असेल तर सुरूच होत नाही. धोका आहे तो बॅटरी मेलेल्या, केवळ चार्जरवर चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपला. घरोघरी असे लॅपटॉप असतात. काही जण इंटरनेटवर वाचून ही बॅटरीची अट वगळण्याची आज्ञा वापरतात आणि अपडेट जबरदस्तीने चालवतात. पावसाळ्यात रत्नागिरीत हे करणे म्हणजे संकटाला आमंत्रणच. बॅटरी बदलेपर्यंत थांबावे, निदान इन्व्हर्टरवर तरी काम करावे.

दुसरा समज दुरुस्तीच्या दुकानात हमखास ऐकू येतो: ‘फॉरमॅट मारू, होईल चालू.’ होत नाही. विंडोज आणि आपल्या फायली एसएसडीवर किंवा हार्ड डिस्कवर असतात. फर्मवेअर, म्हणजे ज्याला सगळे अजूनही बायोस म्हणतात ते, मदरबोर्डवरच्या वेगळ्या, बहुधा आठ पायांच्या छोट्या चिपमध्ये असते. तिची क्षमता साधारण १६ किंवा ३२ एमबी. बायोस बिघडले असताना फॉरमॅट मारला तर फोटो आणि हिशेब जातात, बिघाड मात्र जागच्या जागी राहतो. याची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे: केवळ अपडेट फसल्याने डिस्कवरचा डेटा पुसला जात नाही.

बायोसची एवढी धास्ती आली कुठून? २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने जगभरात हार्ड डिस्क पुसल्या आणि अनेक संगणकांच्या बायोस चिपमध्ये कचरा लिहिला. तेव्हा चिप काढून नव्याने लिहिण्याशिवाय फारसा उपाय नव्हता. आज अपडेटची फाइल कंपनीच्या डिजिटल सहीनिशी येते, लिहिण्याआधी तपासली जाते, आणि अनेक मॉडेलांत बायोसची राखीव प्रतही असते.

म्हणूनच पडदा काळा झाला की पॉवरचे बटण दाबून धरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. अपडेटनंतर लॅपटॉप दोन-तीनदा आपणहून बंद-चालू होतो. मेमरीची नव्याने जुळणी चालू असताना पडदा काही मिनिटे कोराच राहतो, पंखा मात्र जोरात फिरतो. चार्जर तसाच ठेवून अर्धा तास हात न लावणे शहाणपणाचे. त्यानंतरही काही झाले नाही, तर कॅप्स लॉकचा किंवा चार्जिंगचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. त्या आकड्याचा अर्थ कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलनुसार दिलेला असतो.

पुढचा उपाय बऱ्याचदा घरच्या घरी होतो. एचपीच्या बहुतेक लॅपटॉपांसाठी दुसऱ्या संगणकावर त्याच मॉडेलची बायोस फाइल उतरवून तिच्यातूनच रिकव्हरीचा पेन ड्राइव्ह बनवता येतो. तो बंद लॅपटॉपला लावायचा, विंडोज आणि बी ही दोन बटणे दाबून धरायची, पॉवरचे बटण दोन-तीन सेकंद दाबून सोडायचे. आधीची दोन बटणे मात्र पडद्यावर काही दिसेपर्यंत सोडायची नाहीत. डेलच्या अनेक मॉडेलांत कंट्रोल आणि एस्केप दाबून धरून चार्जरची पिन खोचतात.

कधी अपडेट नीट पार पडते आणि पडदा निळा होऊन ४८ अंकी किल्ली मागतो. लोकांना वाटते, बिघडले किंवा हॅक झाले. तो बिटलॉकर असतो: फर्मवेअर बदलल्याचे पाहून डिस्क उघडण्याआधी ओळख विचारतो. ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. ती नसताना फॉरमॅट केले, तर सगळे गमावले.

चूक नेहमी वापरणाऱ्याचीच असते, हेही खरे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० या ऑपरेटिंग सिस्टिममुळे लेनोव्होच्या काही लॅपटॉपांचे बायोस बिघडले. ती आवृत्ती मागे घेऊन जानेवारी २०१८ मध्ये दुरुस्त करून द्यावी लागली. मे २०२४ मध्ये एचपीच्या प्रोबुक ४५५ जी७ च्या अपडेटनंतर लॅपटॉप सुरूच होत नसल्याच्या तक्रारी अनेकांनी केल्या. तरीही ‘अपडेट करायचेच नाही’ हा त्यावरचा उपाय नव्हे. २०१८ च्या सुरुवातीला उघड झालेल्या स्पेक्टरसारख्या प्रोसेसरमधल्या त्रुटींवरचे काही उपाय आणि डिसेंबर २०२३ मधल्या लोगोफेल या फर्मवेअरमधल्याच त्रुटींवरची दुरुस्ती फर्मवेअरमधूनच आली.

रिकव्हरीचे घरगुती उपाय चालले नाहीत, तरी मदरबोर्ड बदलण्याची घाई नको. चिमट्यासारखी क्लिप चिपला लावून प्रोग्रामर नावाच्या यंत्राने बायोस पुन्हा लिहिणारे कारागीर असतात. चिप ३.३ व्होल्टची की १.८ ची, हे त्यांनी आधी पाहायला हवे. जास्त व्होल्टेज दिले तर चिप जळू शकते. आणि त्याच चिपमध्ये लॅपटॉपचा सीरियल नंबर व विंडोजची परवाना किल्लीही असते. दुसऱ्या लॅपटॉपची फाइल सरळ ओतली की ती माहिती पुसली जाते. तेव्हा लॅपटॉप दुरुस्तीला देताना एवढे जरूर सांगा: काहीही लिहिण्याआधी जुन्या चिपची प्रत काढून ठेवा, आणि ती मलाही द्या.