शैक्षणिक चित्रफितींसाठी स्क्रीन रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर

स्क्रीन रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर घडणाऱ्या हालचाली, आवश्यक तेथे आवाजासह, चित्रफितीच्या रूपात नोंदवून ठेवणारी आज्ञावली होय. अशा चित्रफितीस स्क्रीनकास्ट असे म्हणतात. एखाद्या सॉफ्टवेअरचा वापर पायरीपायरीने शिकवणे, ऑनलाइन अर्ज भरून दाखवणे किंवा गणिताचे उदाहरण सोडवून दाखवणे यांसाठी तिचा उपयोग होतो. या सॉफ्टवेअरची तुलना बहुधा किंमत आणि चित्राची स्पष्टता यांवर केली जाते. शैक्षणिक कामात मात्र मुद्रण झाल्यानंतर त्यात किती बदल करता येतो, हा निकषही तितकाच महत्त्वाचा ठरतो. पाठातील चूक दुरुस्त करणे, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आल्यावर तेवढाच भाग बदलणे आणि दुसऱ्या भाषेतील निवेदन जोडणे या गोष्टी त्यावर अवलंबून असतात.

इतिहास

पडद्यावरील हालचाली नोंदवणारी सॉफ्टवेअर १९९० च्या दशकातच उपलब्ध झाली होती. लोटस कंपनीचे स्क्रीनकॅम हे त्यांपैकी एक. या प्रकारास रूढ नाव मात्र नव्हते. २००४ साली अमेरिकन स्तंभलेखक जॉन उडेल यांनी आपल्या वाचकांना नाव सुचवण्याचे आवाहन केले आणि आलेल्या सूचनांतून ‘स्क्रीनकास्ट’ हा शब्द निवडला. पुढे टेकस्मिथ कंपनीचे कॅमटेशिया विंडोज आणि मॅक या दोन्ही संचालन प्रणालींवर, तर टेलिस्ट्रीम कंपनीचे स्क्रीनफ्लो केवळ मॅकवर प्रचलित झाले. २०१२ साली ओबीएस हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर प्रसिद्ध झाले. मूळ उद्देश थेट प्रक्षेपणाचा असला तरी मुद्रणासाठीही ते मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. आयओएस ११ (२०१७) आणि अँड्रॉइड ११ (२०२०) या आवृत्त्यांपासून मोबाईलच्या मूळ प्रणालीतच ही सोय समाविष्ट झाली.

कार्यपद्धती

पडद्यावरील दृश्य सेकंदाला ठरावीक वेळा टिपले जाते. अशा प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात. १९२० × १०८० आकाराच्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट आणि सेकंदाला ३० फ्रेम असा हिशोब केल्यास दर सेकंदाला सुमारे १८ कोटी ६६ लाख बाइट, म्हणजे मिनिटाला सुमारे ११ गिगाबाइट माहिती साठवावी लागेल. हे व्यवहार्य नसल्याने एच.२६४ सारख्या पद्धतीने माहिती दाबून लहान केली जाते. शिकवण्याच्या चित्रफितीत पडद्याचा बराचसा भाग दीर्घकाळ स्थिर असतो. बदललेला भागच प्रामुख्याने नोंदवावा लागत असल्याने फाइल पुष्कळ लहान होते.

या पद्धतीचा एक परिणाम अक्षरांवर होतो. बहुतेक चित्रफितींत प्रत्येक बिंदूची प्रकाशमानता स्वतंत्रपणे साठवली जाते, रंग मात्र चार बिंदूंच्या गटाला एकच दिला जातो. छायाचित्रासारख्या दृश्यात हा फरक सहसा जाणवत नाही, पण निळ्या पार्श्वभूमीवरील बारीक लाल अक्षरे धूसर दिसतात. पांढऱ्यावर काळी अक्षरे मात्र स्पष्ट राहतात, कारण त्यांतील फरक रंगाचा नसून प्रकाशमानतेचा असतो. जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार यांचे बारीक अवयव लक्षात घेता देवनागरी मजकूर दाखवताना अक्षरांचा आकार वाढवणे आणि रंगसंगती साधी ठेवणे उपयुक्त ठरते. मोबाईलवर चित्रफीत पाहणाऱ्यांसाठी हे अधिकच आवश्यक आहे.

प्रमुख सॉफ्टवेअरची तुलना

| सॉफ्टवेअर | संचालन प्रणाली | स्वरूप | संपादनाची सोय |
|---|---|---|---|
| ओबीएस स्टुडिओ | विंडोज, मॅक, लिनक्स | मुक्त स्रोत, विनामूल्य | नाही |
| कॅमटेशिया | विंडोज, मॅक | सशुल्क | विस्तृत |
| स्क्रीनफ्लो | मॅक | सशुल्क | विस्तृत |
| क्विकटाइम प्लेअर | मॅक | प्रणालीसोबत उपलब्ध | जुजबी |
| एक्सबॉक्स गेम बार | विंडोज | प्रणालीसोबत उपलब्ध | अत्यल्प |
| सिंपलस्क्रीनरेकॉर्डर | लिनक्स | मुक्त स्रोत, विनामूल्य | नाही |

ओबीएस स्टुडिओमध्ये पडदा, कॅमेरा, चित्र, मजकूर असे अनेक स्रोत एकत्र मांडून एक दृश्य तयार केले जाते. मुद्रण होते ते या एकत्रित दृश्याचे. त्यामुळे कोपऱ्यात ठेवलेली शिक्षकाची प्रतिमा चित्राचाच भाग बनते आणि नंतर ती हलवता किंवा काढता येत नाही. आवाजाच्या बाबतीत मात्र मायक्रोफोन आणि संगणकाचा अंतर्गत आवाज सहा स्वतंत्र ट्रॅकपर्यंत वेगवेगळे नोंदवता येतात. संपादनासाठी केडेनलाइव्ह, शॉटकट यांसारखे दुसरे सॉफ्टवेअर वापरावे लागते.

कॅमटेशियामध्ये पडदा, कॅमेरा, मायक्रोफोन आणि अंतर्गत आवाज यांची नोंद वेगवेगळ्या थरांत होते. माउसच्या बाणाची माहितीही स्वतंत्रपणे ठेवली जात असल्याने मुद्रणानंतर बाण मोठा करणे किंवा त्याभोवती रंगीत वर्तुळ दाखवणे शक्य होते. एखादा भाग जवळून दाखवण्याची सोयही त्यात आहे. मात्र त्याची मूळ फाइल त्याच कंपनीच्या स्वतःच्या प्रकारात साठवली जाते. त्यामुळे हे थर पुन्हा वेगवेगळे हाताळायचे असल्यास तेच सॉफ्टवेअर हाताशी असावे लागते.

संचालन प्रणालीसोबत मिळणारी साधने तातडीच्या कामास पुरेशी असली तरी त्यांना मर्यादा आहेत. एक्सबॉक्स गेम बार एका वेळी एकाच सॉफ्टवेअरची खिडकी नोंदवतो. संपूर्ण डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर त्याद्वारे नोंदवता येत नसल्याने एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाण्याचा पाठ त्यावर तयार होत नाही. क्विकटाइम प्लेअरमध्ये मायक्रोफोनवरील निवेदन नोंदवता येते, पण संगणकाचा अंतर्गत आवाज थेट घेण्याची सोय दीर्घकाळ नव्हती. लिनक्सवरील सिंपलस्क्रीनरेकॉर्डर जुन्या संगणकावरही चालते. ते एक्स११ या दृश्यप्रणालीसाठी रचलेले आहे. वेलँड ही नवी दृश्यप्रणाली असलेल्या संगणकांवर ओबीएसच्या २७ व्या (२०२१) किंवा त्यानंतरच्या आवृत्तीचा पर्याय उपलब्ध आहे.

फाइलचा प्रकार आणि वीजपुरवठा

एमपी४ प्रकारच्या सामान्य फाइलमध्ये, आतील माहिती कोठे आहे हे सांगणारी सूची मुद्रण संपताना लिहिली जाते. मध्येच वीज गेली किंवा संगणक बंद पडला, तर सूचीअभावी संपूर्ण फाइल उघडेनाशी होऊ शकते. एमकेव्ही प्रकारात तोपर्यंतचा भाग बहुधा वाचतो. म्हणून वीजपुरवठा अनियमित असलेल्या ठिकाणी एमकेव्हीमध्ये मुद्रण करून नंतर त्याचे एमपी४ मध्ये रूपांतर करणे सुरक्षित मानले जाते. ओबीएसमध्ये हे रूपांतर चित्राची प्रत न घटवता करता येते.

निवेदन आणि भाषांतर

मुद्रणाच्या वेळी बोललेले निवेदन चित्रासोबत एकाच ट्रॅकवर अंतर्गत आवाजात मिसळले, तर नंतर ते वेगळे काढणे कठीण असते. निवेदन स्वतंत्र ट्रॅकवर असल्यास एकच चित्र अनेक भाषांसाठी वापरता येते. मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाची रचना याच तत्त्वावर आधारलेली आहे. भारत सरकारच्या अर्थसाहाय्याने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात मुक्त स्रोत सॉफ्टवेअर शिकवणारे सुमारे दहा मिनिटांचे पाठ प्रथम इंग्रजीत तयार होतात. त्यांच्या संहितेत प्रत्येक वाक्याची वेळ नोंदवलेली असते. त्या आधारे मराठीसह अनेक भारतीय भाषांत केवळ निवेदन नव्याने मुद्रित केले जाते. पडद्यावरील दृश्य तेच राहते.

भाषांतरित वाक्य मूळ वाक्याइतक्याच वेळात बसेल असे नाही. अशा वेळी चित्र काही क्षण स्थिर ठेवून निवेदनास अवकाश द्यावा लागतो. त्यामुळे मूळ मुद्रणातच प्रत्येक पायरीनंतर थोडे थांबणे सोयीचे ठरते. मोबाईलवर नोंदवलेल्या चित्रफितींत फ्रेमचा वेग अनेकदा कमीजास्त होत असतो. अशा फाइलवर नवे निवेदन बसवताना काही संपादकांमध्ये चित्र आणि आवाज यांचा मेळ हळूहळू सुटत जातो. संपादनापूर्वी फ्रेमचा वेग एकसमान करून घेतल्यास ही अडचण टळते.

गोपनीयता

मुद्रण सुरू असताना आलेले संदेश, बँकेचे ओटीपी, ई-मेल पत्ते आणि विद्यार्थ्यांची नावे नकळत चित्रफितीत येऊ शकतात. संपूर्ण पडद्याऐवजी एकच खिडकी निवडणे, सूचना बंद ठेवणे आणि शिकवण्यासाठी संगणकावर वेगळे खाते उघडणे हे त्यावरील प्रचलित उपाय आहेत.

निवड

एकदाच पाहिल्या जाणाऱ्या लहान उत्तरासाठी प्रणालीसोबतचे साधन पुरते. वर्षानुवर्षे वापरायच्या पाठमालेसाठी निवेदन स्वतंत्र ठेवणारे सॉफ्टवेअर अधिक योग्य ठरते. त्यात शाळा-महाविद्यालयांसारख्या मर्यादित निधी असलेल्या ठिकाणी ओबीएस आणि एखादे मुक्त स्रोत संपादक यांची जोडी विनाखर्च वापरता येते, पण दोन सॉफ्टवेअर शिकण्यास वेळ द्यावा लागतो. कॅमटेशिया किंवा स्क्रीनफ्लो यांत तो वेळ वाचतो आणि खर्च वाढतो. कोणत्याही पर्यायात मूळ मुद्रण, निवेदनाची वेगळी फाइल आणि लिखित संहिता जपून ठेवल्यास शिकवलेल्या सॉफ्टवेअरचे रूप बदलल्यावर संपूर्ण पाठ नव्याने करावा लागत नाही.

हेही पहा

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
दूरस्थ शिक्षण
ध्वनिमुद्रण