तोफ न डागणारी युद्धकादंबरी

वाचनगटातल्या एकीने विचारलं, "मराठीत युद्धावरची अभिजात कादंबरी कुठली?" मी लगेच म्हटलं, 'रणांगण'. विश्राम बेडेकर, १९३९.

गंमत म्हणजे यात लढाई नाहीच. युरोपातून मुंबईकडे येणारी एक बोट, त्यावर नाझींच्या छळातून सुटलेले ज्यू निर्वासित आणि मायदेशी परतणारे भारतीय. त्यांतला चक्रधर आणि ज्यू तरुणी हॅर्टा प्रेमात पडतात.

मुंबईत तो उतरणार, तिला मात्र पुढे पूर्वेकडे जायचंय. कारण १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मन ज्यूंचं नागरिकत्वच काढून घेतलं होतं. व्हिसाशिवाय उतरता येईल अशी शांघायसारखी ठिकाणं जगात फार थोडी उरली होती.

आपल्याकडे तेव्हा फडके-खांडेकरांच्या कादंबऱ्यांचा जमाना. पण मध्यमवर्गीय चौकटीला तडे जात होतेच. 'कळ्यांचे निःश्वास' या कथासंग्रहाने १९३३ मध्ये खळबळ माजवली होती. तो लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई, पुढे बेडेकरांच्या पत्नी झाल्या!

मला सगळ्यात आवडतो तो चक्रधरचा कोरडेपणा. तो आदर्श नायक नाही, कधीकधी चक्क राग येतो त्याचा. त्या काळात असा नायक लिहायला धाडस लागतं.

कादंबरी छोटीशीच आहे, एका बैठकीत वाचून होते. वाचली असेल तर सांगा, चक्रधर तुम्हाला कसा वाटला?