इंजिन दम खातंय? आधी कार्बोरेटर पाहा

बाळबांधणीचे दिवस आले, की गावोगावच्या सभासदांकडून एकच तक्रार कानावर येते. "पॉवर वीडर मागच्या वर्षी चांगला चालत होता, कोपऱ्यात उभा करून ठेवला, आता दोरी ओढून खांदा निखळायची वेळ आली तरी चालू होत नाही." कुणाचा ग्रास कटर चोक ओढला तरच चालतो, चोक सोडला की गप्प. कुणाची जुनी मोटरसायकल चढाला धाप टाकते. पाठीवरचा पेट्रोलवरचा फवारणी पंप रेस दिली की 'भुर्रर्र' करून बसतो. वाफसा दोन दिवसांचा असतो, मिस्त्रीकडे चार दिवसांची रांग असते. तणाला कुणाचीच वाट पाहायची नसते.

यातल्या बहुतेक यंत्रांना झालेला आजार एकच आहे आणि तो घरच्या परातीत बसून बरा करता येतो. मात्र डिझेलवरच्या वीडरला कार्बोरेटर नसतो, आणि एप्रिल २०२० नंतर बीएस-६ नियमात आलेल्या बहुतेक मोटरसायकलींना इंजेक्टर असतो. त्यांनी हा लेख शेजाऱ्याला वाचायला द्यावा. बाकीच्यांनी डिसमिस आणि पान्हा घेऊन बसावे.

कार्बोरेटरचं काम समजायला अवघड नाही. इंजिन हवा ओढतं. ती हवा एका चिंचोळ्या गळ्यातून जाते, तिथे तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. दाब कमी झाला की खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर ओढलं जातं आणि हवेत मिसळतं. त्या बारीक भोकाच्या पितळी खिळ्याला जेट म्हणतात. मंद चालीसाठी लहान जेट, रेस दिल्यावर मोठा जेट. लहान जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असतं. त्यात राईच्या दाण्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा मळ बसला तरी यंत्र उपाशी राहतं.

मळ येतो कुठून? वाटीत राहिलेलं पेट्रोल महिन्यामागून महिने उडून जातं आणि मागे पिवळट, चिकट राळ उरते. ती जेटात वाळते. ही गोष्ट आजची नाही, बापजाद्यांच्या इंजिनांनाही होती. आता तिच्यात आणखी एक भर पडली आहे, आणि ती आपल्याच घरची आहे म्हणून स्पष्ट बोलायला हवं.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम देशात २००३ साली सुरू झाला. २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, २०२३ पासून वीस टक्क्यांचं ई-२० पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ मध्ये ते जवळपास सगळीकडे पोहोचलं. त्या इथेनॉलचा मोठा वाटा मळीतून आणि उसाच्या रसातून आला आहे, म्हणजे तुमच्या-आमच्या शिवारातून. त्याचे पैसे कारखान्यांना मिळतात म्हणून उसाचं बिल भागायला मदत होते, हे सभासदांना सांगायची गरज नाही. पण २०२५ मध्ये जुन्या गाड्यांबद्दल देशभर ओरड झाली, तेव्हा काही जणांनी सगळा दोष इथेनॉलवर टाकला आणि काही जणांनी दोष नाहीच म्हणून हात झटकले. दोन्ही खरं नाही.

इथेनॉलला पाण्याची ओढ असते. हवेतला ओलावा ते शोषून घेतं. थोडं पाणी पेट्रोलमध्ये विरघळून जातं, पण मर्यादेच्या बाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. टाकीच्या तळालाच कॉक असतो आणि वाटीच्या तळालाच जेट. पावसाळ्यात चार महिने गोठ्यात उभ्या केलेल्या यंत्राची वाटी उघडून पाहा, पांढरट भुकटी दिसेल. तो धातूला लागलेला गंज आहे. दुसरी गोष्ट, जुन्या यंत्रातले काही रबरी वायसर आणि नळ्या इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. तिसरी, इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, म्हणून त्याला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला साधारण नऊ पट. जुना कार्बोरेटर शुद्ध पेट्रोलच्या हिशोबाने बनवलेला, म्हणजे तो मुळातच थोडा 'कोरडा' चालतो. त्यात जेट अर्धवट बंद झाला तर इंजिन तापणारच.

हा आजार फक्त आपला नाही. कॅनडा आणि अमेरिकेच्या थंड भागात बर्फावर पळणारी मोटरगाडी असते, तिला स्नोमोबाइल म्हणतात. पुढे पाय घसरवायला दोन पट्ट्या आणि मागे फिरणारा रबरी पट्टा. क्युबेक प्रांतातल्या जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिये यांच्या कारखान्याने १९५९ मध्ये 'स्की-डू' नावाची छोटी गाडी काढली आणि ती घरोघरी पोहोचली. बर्फ पडतो चार महिने. उरलेले आठ महिने गाडी कोठारात. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्येही दहा टक्के इथेनॉल असतं, फक्त ते उसाचं नसून मक्याचं. म्हणून तिथला शेतकरी पहिला बर्फ पडला की अंगणात बसून जुन्या गाडीचा कार्बोरेटर खोलतो, जसे आपण बांधणीच्या तोंडाला बसतो. वस्तू वेगळ्या, मळ एकच.

आता कामाला लागू. पण कार्बोरेटरला हात लावण्याआधी चार गोष्टी पाहा, कारण निम्मे कार्बोरेटर विनाकारण खोलले जातात. हवेची जाळी झटका. धुळीने बंद असेल तर काळा धूर येतो आणि दोष कार्बोरेटरला लागतो. प्लग काढून तोंड पाहा: विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा फटक असेल तर पेट्रोल कमी. पांढऱ्या प्लगवर यंत्र रेटू नका, टू-स्ट्रोकचा पिस्टन धरतो. टाकीच्या झाकणाचं बारीक भोक उघडं आहे का पाहा. ते बुजलं की यंत्र दहा मिनिटं चालून बंद पडतं आणि झाकण सैल केलं की पुन्हा चालतं. शेवटी कॉकची जाळी. ग्रास कटरच्या टाकीत नळीच्या टोकाला एक छोटा फिल्टर असतो, तो वाकवलेल्या तारेने बाहेर ओढता येतो.

तरीही फरक नसेल तर सावलीत, उघड्यावर, चुलीपासून आणि चालू मोटारीपासून लांब बसा. विडी-सिगारेट खिशातच राहू द्या. प्लगची टोपी काढून ठेवा. कॉक बंद करून वाटीच्या तळाचा स्क्रू उघडा आणि पेट्रोल एका काचेच्या बाटलीत घ्या. दहा मिनिटं बाटली स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर किंवा थेंब दिसला तर रोगाचं निदान झालं. टाकीही रिकामी करावी लागेल.

कार्बोरेटर काढताना प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा. घरात मुलगा किंवा सून असेल तर हे काम त्यांच्याकडे द्या, आपल्यापेक्षा बरं करतात. पुढची गोष्ट मात्र कुणी विसरू नये. बाजूला स्प्रिंगचा एक स्क्रू असतो, मंद चालीचं मिश्रण ठरवणारा. तो काढण्याआधी हलक्या हाताने आत फिरवा आणि किती फेरे झाले ते मोजा. समजा दीड फेरा. हा आकडा भिंतीवर लिहा, मगच स्क्रू बाहेर काढा. जोडताना तळाला टेकवून तेवढेच फेरे बाहेर. आवळून टेकवला तर त्याचं टोक चेपतं आणि मग तो कधीच नीट बसत नाही.

वाटीचे स्क्रू मऊ असतात. डिसमिस खाचेत पुरता बसेल असाच घ्या, नाहीतर खाच गुळगुळीत होते आणि दहा मिनिटांचं काम दिवसभर पुरतं. वाटी निघाली की आत फ्लोट दिसेल. त्याची पिन सरकवून फ्लोट काढा, त्याखालची सुई हातात घ्या. सुईच्या टोकाला गोल खाच पडली असेल तर ती बदला. तिच्यामुळेच पेट्रोल नळीतून खाली टपकतं. फ्लोटची जीभ वाकवू नका, तिच्यावर वाटीतल्या पेट्रोलची पातळी ठरते.

मग दोन्ही जेट काढा आणि उजेडाकडे धरून पाहा. भोक वाटोळं, स्वच्छ दिसलं पाहिजे. इथे बहुतेकजण सुई, टाचणी किंवा ब्रेकच्या केबलची तार घालतात. पितळ मऊ असतं, पोलादी तारेने भोक मोठं होतं आणि मग यंत्र जन्मभर जास्त पेट्रोल पितं. विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार किंवा नायलॉनचा धागा पुरे. आधी कार्बोरेटर साफ करायच्या स्प्रेमध्ये भिजवा, राळ सुटली की तार घालायची गरजही उरत नाही. रॉकेलमध्ये रात्रभर टाकून ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने धूळ-तेल निघतं, वाळलेली राळ फारशी निघत नाही.

स्प्रे मारताना डोळ्याला चष्मा लावा. एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्या भोकातून थेट डोळ्यात येतो. त्याआधी रबर आणि प्लास्टिकचे सगळे भाग बाजूला काढलेले असावेत. नंतर सायकलच्या पंपाने किंवा पंक्चरच्या दुकानातल्या हवेने प्रत्येक वाट फुंकून घ्या. एका बाजूने मारलेली हवा दुसरीकडून बोटाला लागली पाहिजे. ज्या गाडीच्या कार्बोरेटरवर मोठा रबरी पडदा असतो, त्या पडद्याला स्प्रे लागू देऊ नका.

ग्रास कटर आणि काही फवारणी पंपांचा कार्बोरेटर वेगळा असतो: चौकोनी, मुठीएवढा, वाटी नाही, फ्लोट नाही. दोन्ही अंगाला झाकणं आणि आत पातळ पडदे. यंत्र कुठल्याही कोनात धरलं तरी चालावं म्हणून ही रचना. पडदा मऊ असला पाहिजे. कागदासारखा कडकडला तर साफ करून उपयोग नाही, नवा संच घाला. पॅकिंग आधी की पडदा आधी, हे कंपनीनुसार बदलतं, म्हणून इथे फोटोला पर्याय नाही. पडद्यावर जोराची हवा मारू नका.

टू-स्ट्रोकचं तेलही इथेच तपासा. पुस्तिकेत ५० ला १ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. अंदाजाने झाकणभर टाकणाऱ्यांचे प्लग काळे होतात, कमी टाकणाऱ्यांचे पिस्टन जातात. फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोलला तेल नकोच, ते खाली चेंबरमध्ये.

सगळं करूनही चोक सोडताच यंत्र बंद पडत असेल, तर मंद चालीची वाट अजून बुजलेली आहे किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं पॅकिंग हवा ओढतं आहे. त्या जोडावर चालू इंजिनात साबणाचं पाणी थेंबभर सोडा. चाल बदलली तर पॅकिंग नवं टाका. तेवढ्यावर थांबा, पुढचं मिस्त्रीचं.

मोठी बांधणी झाली आणि वीडर ठेवायची वेळ आली, की कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. वाटीचा स्क्रू उघडून उरलेले थेंब काढा. टाकी रिकामी करा आणि ते पेट्रोल मोटरसायकलमध्ये वापरून टाका, मात्र तेल मिसळलेलं असेल तर फोर-स्ट्रोकमध्ये घालू नका. पुढच्या हंगामात यंत्र काढाल तेव्हा ताजं पेट्रोल घाला, कॉक उघडून दोन मिनिटं थांबा, वाटी भरू द्या आणि मगच दोरी ओढा.