'वॉर्म अप' आणि मराठीतील दुसरे क्रियापद

इंग्रजीतील 'वॉर्म अप' या क्रियापदास 'गरम होणे' हा मराठी पर्याय दिला की भाषांतरकार तत्काळ अडचणीत येतो. सामन्यापूर्वी खेळाडू 'गरम झाला' असे लिहिल्यास तो पंचांवर चिडला, असेच वाचक समजेल. माणसाच्या ठायी 'तापणे', 'गरम होणे' ही क्रियापदे बहुधा क्रोधवाचक आहेत. गवयाचा गळा मात्र तापतो आणि हलगीही तापवावी लागते. तेथे अर्थ सिद्धतेचाच असतो.

हलगीचे उदाहरण विशेष बोलके आहे. दमट हवेत तिचे कातडे ओलावा शोषून सैल पडते व नाद बसका होतो. म्हणून वाजविण्यापूर्वी ती जाळावर शेकतात. ओलावा जाऊन कातडे ताणले जाते व आवाज चढतो. ही सिद्धता सांगावयास नुसते 'तापवणे' पुरत नाही. 'तापवून घेणे' असेच म्हणावे लागते. पुढील कामासाठी, स्वतःच्या सोयीकरिता, क्रिया आधी उरकली, हा भाव 'घेणे' या दुसऱ्या क्रियापदात आहे.

'अप' हे मूळचे दिशावाचक अव्यय. पण 'ड्राय अप', 'ईट अप' यांत ते क्रियेची पूर्तता दर्शविते. मराठीत हे कार्य संयुक्त क्रियापदाचा उत्तरघटक करतो. मोरो केशव दामले (हे केशवसुतांचे बंधू) यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त संयुक्त क्रियापदांची चिकित्सा केलीच आहे. इंग्रजी अव्ययांशी त्यांची तुलना मात्र स्वतंत्रपणे करण्याजोगी आहे.

राजापूर तालुक्यातील नाटे यासारख्या मच्छीमार गावातील व्यवहार पाहावा. पावसाळी बंदीच्या काळात जाळी दुरुस्त करून ठेवावयाची, निघताना बर्फ भरून घ्यावयाचा आणि नौकेचे इंजिन थोडे तापू द्यावयाचे. तिन्ही क्रिया तयारीच्याच. परंतु 'ठेवणे' पुढील गरजेकडे पाहते, 'घेणे' लगेचच्या कामाकडे, आणि 'देणे' यंत्राला त्याचा अवधी मोकळा सोडते. यांची अदलाबदल होत नाही. जाळी 'दुरुस्त करून घेतली' म्हटले की ती दुसऱ्याकडून करविली, असाही अर्थ निघतो.

खेळाडूच्या बाबतीत 'अंग मोकळे करून घेणे' हा प्रयोग त्यामुळेच सर्वांत जवळचा ठरतो. मैदानावर मूळ इंग्रजी शब्दच रूढ आहे, हे खरे. पण तेथेही 'आधी वॉर्म अप करून घे' असेच ऐकू येते. 'अप' आयता आलेला असूनही मराठी बोलणाऱ्यास 'घे' जोडल्यावाचून राहवत नाही.