हरत्या संघाची यादी

संघ हरू लागला की घरोघरी निवड समित्या भरतात. क्रिकेटच्या दिवसांत आपण हे पाहतोच. अमुकाला वर पाठवा, तमुकाला बसवा, असे सल्ले चहाच्या पहिल्या कपाबरोबर सुरू होतात. अमेरिकेत बेसबॉलच्या बाबतीत हेच चालते. फरक एवढाच की तिथे तो वाद रोजचा असतो. तिथल्या मोठ्या व्यावसायिक संघाला एका हंगामात 162 सामने खेळावे लागतात, आणि ते मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळजवळ रोज! आज हरलेल्या संघाला उद्या पुन्हा मैदानात उतरायचे असते. मग उद्याच्या यादीत काय बदल करावा, हा प्रश्न मॅनेजरपुढे येतो आणि त्याच्याबरोबर साऱ्या गावापुढेही येतो.

ही यादी म्हणजे काय, ते आधी पाहू. बेसबॉलमध्ये फलंदाजी करणारे नऊजण. त्यांचा क्रम सामन्यापूर्वी कागदावर लिहून पंचांच्या हाती द्यायचा. एकदा दिला की दिला. क्रिकेटमध्ये कप्तान वेळ पाहून सहाव्या फलंदाजाला चौथा पाठवू शकतो. इथे ती सोय नाही. पहिल्यापासून नवव्यापर्यंत सर्वांनी ओळीने यायचे, नवव्यानंतर पुन्हा पहिल्याने. एखाद्याला बदलून दुसरा घेता येतो, पण बाहेर गेलेला त्या सामन्यात परत येत नाही. म्हणून त्या लहानशा कागदाला एवढे महत्त्व.

आता क्रम कसा लावावा? जुना रिवाज असा की पहिला चपळ धावणारा असावा, दुसरा हुकमी टोला मारणारा, तिसरा सर्वांत भरवशाचा आणि चौथा दांडगा. पहिल्या तिघांनी बेस भरायचे आणि चौथ्याने एका टोल्यात सर्वांना घरी आणायचे, ही त्यामागची कल्पना. दुबळे फलंदाज तळाशी. रिवाज वाईट नाही, पण पुढे आकडेमोड करणाऱ्यांनी त्यात एक गोष्ट दाखवून दिली. ती आपणही पाटीवर मांडू शकतो.

सामना कोणत्या तरी एका फलंदाजावर संपतो. त्याला आणि त्याच्या वरच्यांना, खालच्यांपेक्षा एक संधी जास्त मिळालेली असते. शेवट नवांपैकी कोणावरही साधारण सारखाच येतो असे धरा. 162 ला 9 ने भागा, उत्तर 18. म्हणजे क्रमातली प्रत्येक वरची जागा हंगामात सुमारे 18 संधी अधिक देते, आणि पहिल्या व नवव्या जागेत सुमारे 144 संधींचा फरक पडतो. तेव्हा जो वारंवार बेसवर पोहोचतो त्याला वर ठेवा, मग तो चपळ असो वा नसो. चांगल्यातले चांगले तिघे पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या जागी असावेत, असा आजच्या अभ्यासकांचा कौल आहे.

याचे एक उदाहरण मोठे मौजेचे आहे. 2023 साली फिलाडेल्फिया संघाने काइल श्वार्बरला बहुतेक हंगामभर पहिल्या क्रमांकावर खेळवले. त्याची फलंदाजीची सरासरी .197, म्हणजे शंभरात वीस टोलेसुद्धा यशस्वी नाहीत. कट्ट्यावरची मंडळी म्हणणार, हा पहिला कसा? पण गोलंदाजाने चार चेंडू बाहेर टाकले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, आणि श्वार्बरने हे 126 वेळा साधले. त्यामुळे तो शंभरात चौतीस वेळा बेसवर पोहोचत होता. शिवाय 47 होम रन! तात्पर्य, आपण कोणता आकडा पाहतो यावर आपला राग अवलंबून असतो.

बरे, क्रम शहाणपणाने लावला तर संघ वर येतो का? इथे मात्र निराशा पदरी पडते. नऊ माणसांचे क्रम 3,62,880 प्रकारे लावता येतात. परंतु नेहमीचा बरा क्रम आणि आकडेमोडीने काढलेला उत्तम क्रम यांत साऱ्या हंगामात फरक पडतो तो पाच ते पंधरा धावांचा. दहा धावा म्हणजे ढोबळमानाने एक विजय. ज्या वादासाठी माणसे रात्र रात्र जागतात, त्याची किंमत एखादा-दीड सामना!

बिली मार्टिन नावाच्या मॅनेजरला हे बहुधा अनुभवाने कळले असावे. 1972 च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉईट टायगर्स हा त्याचा संघ अडखळत होता. त्याने खेळाडूंची नावे टोपीत टाकली आणि निघतील तशी यादीत लिहिली. धिप्पाड नॉर्म कॅश पहिला आला, आणि फलंदाजीत बेताचाच असलेला एड ब्रिंकमन दांडग्याच्या चौथ्या जागी! तो सामना टायगर्सनी जिंकला, आणि पुढे अर्ध्या सामन्याच्या फरकाने आपला गटही जिंकला. 1977 मध्ये न्यूयॉर्क यांकीजच्या पहिल्या दहा सामन्यांत दोनच विजय लागले, तेव्हा मार्टिनने पुन्हा टोपी काढली. त्या दिवशी यांकीज जिंकले आणि त्याच वर्षी जगज्जेतेही झाले. टोपीत जादू होती असे समजू नका. नऊही माणसे तीच होती, फक्त त्यांच्या जागा बदलल्या होत्या. पडत्या काळात खेळाडूंच्या मनावरचा ताण थोडा हसून उतरला असेल, तर तेवढाच टोपीचा गुण.

म्हणजे खरा प्रश्न क्रमाचा नसून त्या नवांत कोण असावे याचा आहे. आणि तो अवघड आहे, कारण तिथे एका माणसाच्या पोटाचा आणि नावाचा सवाल येतो.

पहिली अडचण अशी की वाईट दिवस आणि वाईट खेळाडू वरून सारखेच दिसतात. दहात तीन वेळा यशस्वी होणारा, म्हणजे उत्तम फलंदाज घ्या. रोज चार संधी मिळाल्या तर साधारण चार दिवसांतून एक दिवस तो पूर्ण रिकामा जाणारच. सलग तीन दिवस रिकामे जाण्याचा योग सुमारे बहात्तरात एक, म्हणजे मोठ्या हंगामात तो एकदोनदा यायचाच. त्याचा हात बिघडलेला नसतो. फासे तसे पडलेले असतात. आणि नेमका तिसऱ्या रिकाम्या दिवशी आपण ओरडतो, “बसवा याला!”

2019 चा वॉशिंग्टन नॅशनल्स संघ पाहा. पन्नास सामन्यांनंतर 19 विजय आणि 31 पराभव. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझला काढा, अशी ओरड झाली. पण दुखणे कुठे होते? पहिल्या क्रमांकाचा ट्रे टर्नर बोट मोडल्यामुळे दीड महिना बाहेर होता, आणि मुख्य गोलंदाजानंतर येणारे राखीव गोलंदाज मार खात होते. फलंदाजांचा क्रम हलवून ते दुखणे बरे होणार नव्हते. मालकांनी मॅनेजरला ठेवले, मॅनेजरने खेळाडूंवरचा विश्वास ठेवला. हंगामाअखेर 93 विजय झाले, आणि तोच संघ जगज्जेता ठरला.

मग धीर धरणे हाच उपाय का? नाही. 2024 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने 162 पैकी 121 सामने गमावले. 1901 पासूनच्या हिशेबात एका हंगामात एवढे पराभव कोणाचेच नाहीत. ऑगस्टमध्ये मॅनेजरही बदलला, पण विहिरीतच पाणी नसेल तर पोहरा बदलून काय होणार?

आणि कधी कधी बदल हेच बरोबर उत्तर असते. 1925 साली यांकीजची दशा वाईट होती. त्या वर्षी ते आठांत सातवे आले. 2 जून रोजी मॅनेजर मिलर हगिन्सने एकदम तिघा जुन्यांना बसवले. त्यांत पहिल्या बेसवर दहा वर्षे खेळणारा वॉली पिप होता. त्याच्या जागी लू गेरिग हा तरुण आला. पिपचे डोके दुखत होते म्हणून तो बसला, अशी दंतकथा पुढे पसरली. पण एका दिवशी तिघांचे डोके दुखत नसते. संघ हरत होता, तिघांचा खेळ उतरला होता आणि हाताशी तरणा गडी तयार होता. पुढच्या वर्षी पिप दुसऱ्या संघात गेला. गेरिग मात्र तिथून हललाच नाही. तो ओळीने 2,130 सामने खेळला.

तेव्हा वाचकहो, आपला आवडता संघ हरू लागला, मग तो बेसबॉलचा असो की क्रिकेटचा, तर यादीवर भांडण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून पाहा. हे अपयश किती दिवसांचे आहे? दुखणे आपण बोट दाखवतो तिथेच आहे का? आणि ज्याला बसवायचे त्याच्याहून बरा कोणी खरोखर बाकावर बसला आहे का? तिन्हींची उत्तरे मिळाली तर बदल करावा आणि तो निःशंकपणे करावा. नाही मिळाली तर टोपीत नावे टाकून हसावे, ते बरे.

शेवटी गेरिगचेच सांगतो. 1939 च्या हंगामात त्याच्या हातातले बळ नाहीसे होऊ लागले. आठ सामन्यांत अवघे चार टोले. त्याला बसवण्याचे धाडस कोणाला होत नव्हते. 2 मे रोजी डेट्रॉईटमध्ये त्याने स्वतःच मॅनेजर जो मॅकार्थीला सांगितले की आज माझे नाव नको. तो कप्तान होता. आपले नाव नसलेली यादी पंचांकडे त्यानेच नेऊन दिली. त्या दिवशी यांकीज 22–2 असे जिंकले. त्याच्या स्नायूंना असाध्य रोगाने ग्रासल्याचे निदान पुढे जूनमध्ये झाले, आणि 2 जून 1941 रोजी, पिपची जागा घेतल्याला बरोबर सोळा वर्षे झाली त्या दिवशी, तो गेला.

यादी लिहिणे सोपे नाही. तीतून खोडले जाणारे नाव कोणा माणसाचे असते, एवढे लक्षात ठेवून वाद घालावा. मग तो कितीही रंगला तरी हरकत नाही.