मातीच्या धरणाचा धोका कोणत्या दर्जाचा?

मुंबईंत गिरगांव, परळ, लालबाग या भागांतील लोक विहिरी व तळीं यांच्या पाण्यावर भागवीत असत, त्या काळीं शहरास नळानें पाणी पुरविण्यासाठीं विहार तलाव बांधण्यांत आला. हें काम १८६० सालीं पुरें झालें. मिठी नदीच्या उगमाजवळ मातीचे तीन बांध घालून पाणी अडविलें आहे. त्या वेळीं खालच्या खोऱ्यांत भातशेती व विरळ गांवें होतीं. आज तीच नदी कुर्ला, धारावी यांजवरून माहीमच्या खाडीस मिळेपर्यंत दाट वस्तींतून वाहते. बांध जागचा हलला नाहीं, परंतु धोक्याच्या दृष्टीनें त्याचा दर्जा अगदीं पालटला.

याचें कारण असें कीं, धरणाची बळकटी आणि धरणाचा धोका हे दोन निरनिराळे हिशेब आहेत. पहिला भराव, सांडवा व मोरी यांचा. दुसरा, धरण फुटलेंच तर पाण्याच्या वाटेंत किती माणसें, घरें, गुरें व पिकें आहेत याचा. उत्तम बांधलेलें धरणहि गांवाच्या उशाशीं असेल तर दुसऱ्या हिशेबांत तें वरच्याच वर्गांत बसतें. आम्हीं महसूल खात्यांत असतां बांधाखालच्या बागाइताचा आकार पैपर्यंत मांडला. मात्र बांधाखालीं घरें किती वाढलीं, हा रकाना आमच्या कोणत्याहि पत्रकांत नव्हता.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें मातीचें धरण, काम पुरें होण्यापूर्वींच, फुटलें; त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें दगडी धरणहि फुटून नदीकांठचें पुणें बुडालें. २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवरे धरण फुटलें. तें पानशेतपुढें अगदींच लहान. तरी खालच्या भेंदवाडींतील घरें माणसांसकट वाहून गेलीं. गळतीची तक्रार गांवकऱ्यांनीं आधींच केलेली होती. खेकड्यांनीं धरण पोखरलें, असें पुढें एका मंत्रिमहाशयांनीं सांगितलें. तीं बिळें वेळेवर बुजविणें कोणाचें काम होतें, हें सांगावयाचें राहून गेलें!

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानें तपासणी व वर्गवारी सक्तीची केली; पण तो १५ मीटरांहून उंच, आणि कांहीं अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांसच लागू आहे. गांवतळीं व पाझर तलाव बहुधा त्याबाहेरच राहतात. म्हणून ज्यांची जमीन अशा बांधाखालीं आहे त्यांनीं मृगापूर्वीं एकदां व पुढें दर मोठ्या पावसानंतर बांधावरून चालत जावें. खालच्या अंगाचा पाझर स्वच्छ असेल तर नुसतें लक्ष ठेवावें. तोच गढूळ होऊन वाढूं लागला म्हणजे आंतील माती वाहूं लागली असें समजावें, आणि त्याच घटकेस खालचीं घरें उठवून तहशिलीस कळवावें. सांडव्यांत मासे धरण्यासाठीं कोणीं आडवा बांध घातला असल्यास तो, व वाढलेलीं झुडपें, काढून टाकावीं. कारण मातीच्या माथ्यावरून पाणी वाहूं लागलें कीं बांध फार वेळ टिकत नाहीं. भरावावरील झाड रोप असतांनाच उपटावें, मोठ्या झाडाचें मूळ कुजलें म्हणजे त्या जागीं पाण्यास नळी सांपडते. आणि मुलाच्या नव्या घरासाठीं जागा पाहतांना बांधाखालची ओढ्याकांठची सपाट जमीन कितीहि सोयीची दिसली, तरी ती पिकासाठींच ठेवावी.