वरातीतला स्विंग

1951 चा 'अलबेला' सिनेमा पंचाहत्तरीला आला, आणि त्याची गाणी वाजवणारी पितळी वाद्यं यवतमाळच्या वरातींतून जवळजवळ हद्दपार झाली. दत्त चौकातून आता डीजेची गाडी जाते. छाती धडधडते, सूर कानी पडत नाही. याचा मला संताप येतो, कारण ऐंशीच्या दशकात याच रस्त्यांवर मी जॅझमधला स्विंग ऐकलाय.

त्याचं मूळ फ्लेचर हेंडरसन, ड्यूक एलिंग्टन या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या तबकड्यांत. ट्रम्पेटवाले सवाल टाकणार, सॅक्सोफोनवाले जवाब देणार. तसाच कृष्णवर्णीय अमेरिकन लिऑन ॲबीचा बँड 1935 मध्ये मुंबईच्या ताजमध्ये आला. अमेरिकन ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथने 1936 मध्ये 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे गाणं मुंबईतच मुद्रित केलं. मग चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक ती लय घेऊन सिनेमात शिरले. 'अलबेला'त चिकचा बँड पडद्यावरही दिसतो. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, नायक आमच्या शेजारच्या अमरावतीत जन्मलेले भगवानदादा. तबकडीवर वादकांची नावं मात्र नसत.

मधली वर्षं सोडून थेट यवतमाळच्या वरातींकडे येतो. ऐंशीच्या दशकातल्या लग्नसराईत बँडमास्तर क्लॅरोनेटवर एकटा मुखडा घेई आणि दुसऱ्या क्षणी सगळे ट्रम्पेट त्यावर तुटून पडत. पुढ्यात कागद नाही, सगळं कानाने उचललेलं. हेंडरसनचं नाव त्यांनी ऐकलं नव्हतं, पण त्याचा सवाल-जवाब सिनेमातून त्यांच्यापर्यंत पोचला होता. वाजवणारे बरेचसे मातंग वस्तीतले. त्यांच्या सुरांवर घामाघूम होऊन नाचलेले वऱ्हाडी पंगतीत त्यांना शेजारी बसू देत नसत. न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात एलिंग्टन वाजवी, तेव्हाही समोर गोरेच बसत. काळ्यांना ग्राहक म्हणून दार बंद असे.

गावातल्या जाणकारांवर माझा जुना राग आहे. त्यांनी मैफलींची टिपणं जपली, तंबोऱ्यांना गवसण्या शिवल्या. बँडमास्तरांचं एक नावही लिहून ठेवलं नाही. तो त्यांच्या लेखी बँडबाजा होता, संगीत नव्हतं.

हेंडरसन आज ऐकता येतो, कारण तो तबकडीत उतरला. आमच्या वरातींतला तो सूर टिपलेली एक फीतही माझ्या पाहण्यात नाही. त्या वादकांपैकी काही अजून आहेत, वाद्यं पेटीत आहेत. कॉलेजच्या पोरांनी त्यांच्या घरी जाऊन, नाव-गाव विचारून, वाजवणं मुद्रित करून घ्यावं, आणि ते याच वर्षी. दात पडले की ट्रम्पेटला फुंक लागत नाही.